पोटातली गोष्ट

सकाळी सासऱ्याचा पाय धुऊन झाल्याशिवाय छाया घराबाहेर पडत नसे. घमेल्यात कोमट पाणी, साबणाची वडी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन ती ओसरीवर यायची. वासुदेवराव धोतर गुडघ्यापर्यंत सरकवायचे आणि दुसरीकडे बघत बसायचे. उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजून घोट्यावर वळ्या पडलेल्या. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की तिथे चिरायचं, मग ताप भरायचा, पाय लाल होऊन ठणकायचा. पहिल्यांदा सुनेनं पायाला हात लावला तेव्हा म्हातारा रडला होता. आता तो स्वतःच साबण लावायचा. छाया फक्त पाणी ओतायची आणि बोटांमधली ओल नीट टिपली जाते की नाही ते बघायची.

धामणझरी गावाला ती आशाताई होती. आर्वीहून येणारी डांबरी सडक गावाच्या अलीकडेच संपायची आणि पुढे मुरमाचा रस्ता. त्या रस्त्यानं, हत्तीरोग पसरू नये म्हणून सगळ्या गावाला द्यायच्या गोळ्यांचे खोके मोटारसायकलवर बांधून आरोग्य केंद्राचा हेमराज आला, तेव्हा रानात हरभऱ्याची सोंगणी चालू झाली होती.

"छायाताई, यंदा कोनाच्या हातात गोळी देऊन याचं नाई," हेमराजनं अंगणात उंची मोजायची काठी भिंतीला टेकवली. "आपल्या समोर गिळाले लावायची. मागच्या साली सारे गोळ्या नालीत फेकल्या लोकाईनं."

अंगणाच्या तोंडाशी शेजारचा तानबा आणि आणखी चार-सहा माणसं उभी होती. कामाला निघालेली, हातात विळे.

"आमाले मंग द्या," तानबा म्हणाला. "पैले तुमच्या घरच्याईले चारा. पाहू दे आमाले, का होते तं."

छायाला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं. तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. भाकरी खाऊन झाल्याच होत्या. आधी तिनं स्वतः गिळल्या. मग सासऱ्याला दिल्या. नवरा चंदन बैलांना पाणी दाखवून आला, त्यानं तोंड वाकडं करत चघळायची गोळी चघळली. सासू आनंदाबाईनं गोळ्या घशात टाकल्या, वर तांब्याभर पाणी प्यायली.

"पोटुशी बाई, लहान लेकरू, लय बिमार मानूस, याईले नाई द्याच्या," हेमराज एकीकडे म्हणत होता. ते त्यानं गावोगाव म्हटलेलं होतं, त्यामुळे वाक्य तोंडातून घरंगळत होतं.

शेवटी रक्षा आली. ही छायाची धाकटी जाऊ. तिचा नवरा अंकित वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. रक्षाचं पोट दोनदा रिकामं झालं होतं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच. तेव्हापासून ती घरात आवाज न करता वावरायची.

छायानं तिला काठीपाशी उभं केलं, उंची पाहून तेवढ्या गोळ्या तळहातावर ठेवल्या. आणि विचारायचं म्हणून विचारलं, "दिवस-बिवस तं नाई न गेले?"

तानबा फिस्सकन हसला. रक्षानं मान खाली घातली. मग तिनं सासूकडे पाहिलं. आनंदाबाई तांब्या पालथा घालत होती, तिनं नजर वर केली नाही. रक्षानं मान हलवली. नाही.

"गीळ मंग."

रक्षानं गोळ्या गिळल्या. हेमराजनं तिच्या बोटाच्या नखावर काळ्या पेनानं खूण केली. अंगणाच्या तोंडाशी उभी असलेली माणसं एकेक करून आत आली.

*

दुपारी सगळं घर हरभऱ्यात होतं. पाटाकडच्या तासापासून सोंगत आले होते. हरभऱ्याच्या पानांवरची आंब हाताच्या चिरांत जाऊन झोंबत होती. चंदन अचानक विळा टाकून बसला. अंगात कापरं भरलं म्हणाला. डोकं फुटून राह्यलं म्हणाला. छायानं त्याला बाभळीखाली निजवलं, कपाळाला हात लावला. चटका बसला.

"काई नाई होत. रक्तातले जंतू मरतेत न, त्याच्यानं ताप येते. उद्या उतरते," ती म्हणाली.

चंदननं डोळे उघडले. "म्हंजे माह्या रक्तात होते ते?"

"असतीन."

त्यानं स्वतःचे दोन्ही पाय जवळ ओढून घेतले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. बापाच्या पायाची भीती त्यानं आजवर तोंडानं कधी सांगितली नव्हती. छायानं त्याच्या पोटरीवर हात ठेवला. "आता गोळी घेतली न. म्हनून तं देऊन राह्यलो आमी."

तेवढ्यात विहिरीकडून ओकारीचा आवाज आला. रक्षा विहिरीच्या काठाला धरून वाकली होती. छाया पाणी घेऊन धावली, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नको. लय लोकाईले होते असं. येका दिवसाचा त्रास आहे."

रक्षानं तोंड पुसलं. तिनं छायाचं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"ताई, ते भाऊ का म्हनत होते सकाळी? पोटुशीले द्याची नाई म्हने?"

"हाव. काऊन?"

रक्षाचे ओठ हलत राहिले. छायानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, जिथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

"रक्षे."

"दुसरा सरत आला ताई."

छायाला वाटलं आपण विहिरीत वाकून बघतोय आणि पाणी दिसत नाही. तिनं विचारलं, तिच्याच आवाजात दुसरं कोणी बोलल्यासारखं, "मंग मान काऊन हालवली? मी विचारलं न तुले?"

"आत्याबाईनं मनाई केलती. कोनाले सांगू नको म्हने तीन महिने. अन्..." रक्षा थांबली.

"अन् का?"

"तुमाले तं बिलकुल सांगू नको म्हने."

छायाच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. आर्वी झालं, वर्धा झालं, नागपूरही झालं होतं. तिला मूल नव्हतं. घरात कोणी तोंडावर काही बोलत नसे. ओटी भरायच्या वेळी तिला बाहेरचं काही काम निघायचं, एवढंच. हे तिनं कधी एकत्र जोडून पाहिलं नव्हतं. आता विहिरीच्या काठावर ते आपोआप जोडलं गेलं. पण त्या दुःखाला बसायलाही तिला जागा नव्हती, कारण त्याच्या पुढे भीती येऊन उभी होती. हिला गोळ्या मी दिल्या. माझ्या हातानं. सगळ्या गावादेखत.

*

घरी पोचेपर्यंत आनंदाबाईला रक्षानंच सांगून टाकलं. म्हातारी अंगणातच खाली बसली. मग उठली आणि छायाच्या समोर येऊन उभी राहिली.

"तूनं देल्ल्या."

"आत्याबाई, मले माईत नव्हतं."

"तुले माईत नव्हतं? गावातल्या साऱ्या बायाईचे दिवस तुले माईत असतेत. कोनाचे चुकले, कोनाचे भरले. अन् घरातलं माईत नव्हतं?"

"तुमीच तं नाई सांगू देल्लं."

"म्हनूनच नाई सांगू देल्लं!" आनंदाबाई किंचाळली, आणि शेजारी ऐकतील म्हणून लगेच आवाज खाली आणला. तो खालचा आवाज जास्त वाईट होता. "मले याचंच भेव होतं."

छाया चंदनकडे वळली. तो ओसरीवर चादर गुंडाळून बसला होता, तापानं डोळे तांबारलेले. तो काहीतरी म्हणेल याची ती वाट पाहत होती. तो म्हणाला,

"छाया, तुले खरंच माईत नव्हतं न?"

सासूच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या एका प्रश्नानं झालं. ती कोनाड्यातला मोबाईल घेऊन अंगणाबाहेर पडली.

"कोठी चालली?" सासूनं विचारलं.

"डॉक्टर मॅडमले फोन लावाले."

"गावभर करतं काय?"

वासुदेवराव भिंतीला धरून उभे राहिले. "जाऊ दे तिले. अन् तू गप बस. जे वाचलं तं याच्यानंच वाचीन."

धामणझरीत मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. दिवस मावळायला आला होता. टाकीखालच्या ओट्यावर रानातून आलेली माणसं बसली होती, तानबा त्यांच्यातच. कोणाला मळमळत होतं, कोणाचं डोकं दुखत होतं, गोळ्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या. छाया आली तशी सगळे गप्प झाले.

ती टाकीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे रेंज जात होती. पुन्हा पुढे आली. पदर तोंडावर धरून तिनं नंबर लावला. फोन लागला तर नोकरी जाईल, हे तिला माहीत होतं. कदाचित पोलीस येतील. कदाचित पेपरात येईल. न लावला तर कोणालाच काही कळणार नव्हतं. याआधी दोनदा गेलं तसंच तिसऱ्यांदा गेलं म्हणतील.

"हॅलो, कोण? आवाज येत नाहीये, मोठ्यानं बोला," मॅडम म्हणाल्या.

ओट्यावरची माणसं ऐकत होती.

छायानं पदर खाली घेतला. "मॅडम, मी धामणझरीची आशा बोलतो. माह्या हातून पोटुशी बाईले गोळ्या गेल्या. माही जाऊच आहे. दुसरा महिना सरत आला. याच्या पैले दोनदा खाली झालं."

मग मॅडमनी विचारायला सुरुवात केली. कुठल्या गोळ्या, किती वाजता, उलटी झाली का, पोटात दुखतंय का, अंगावरून जातंय का. छाया सांगत गेली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "हे बघा, नियम आहे की द्यायच्या नाहीत, कारण आपल्याला धोका पत्करायचा नसतो. पण चुकून गेल्या म्हणजे नुकसान झालंच, असं नाही. बहुतेक वेळा काही होत नाही. तिला झोपवा, जड काम नको. उद्या सकाळी आर्वीला आणा, आपण सोनोग्राफी करू. आणि रक्त दिसलं तर थांबू नका, तशाच निघा."

"मॅडम, माही नोकरी..."

"ते नंतर बघू. आधी तिला आणा."

फोन ठेवून ती वळली तेव्हा ओट्यावर कोणी हललं नव्हतं. तानबा तिच्याकडे पाहत नव्हता. त्याची सून तिच्याच हातची गोळी खाऊन घरी बसली होती, आणि तिलाही दिवस गेले असतील तर, असं तो मनात जुळवतोय ते छायाला दिसलं.

*

सकाळी रक्षाच्या परकराला डाग होता. लहानसा, तांबूस. रक्षानं तो आधी छायाला दाखवला, सासूला नाही. छाया म्हणाली, "चाल. लुगडं बदल. आपून निघू."

चंदनचा ताप उतरला होता. त्यानं गावातल्या मुकेशची मालवाहू ऑटो बोलावली. मागं गोणपाट, त्यावर गादी टाकली. अंकितला कळवलं होतं, तो परस्पर आर्वीला येणार होता. रात्री त्यानं फोनवर छायाशी बोलायला नकार दिला होता.

आनंदाबाई आधीच ऑटोत चढून बसली. तिनं रक्षाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि छायाकडे पाहून म्हणाली, "तू समोर बस."

छाया समोर मुकेशजवळ बसली. मुरमाच्या रस्त्यावर ऑटो हळू चालली तरी उसळत होती. प्रत्येक गचक्याला छायाचे दात आवळले जात. दोन्ही बाजूंनी वेचणी संपलेल्या पऱ्हाटीची उभी झाडं, त्यांना कुठेकुठे कापसाचे पुंजके. नाल्यापाशी ऑटो आपटली आणि मागून रक्षाचा आवाज आला.

"ताई."

मुकेशनं ब्रेक मारला.

"ताईले मांगं बसवा," रक्षा म्हणाली. "मले ताई पायजे."

"मी आहे न बाई," आनंदाबाई म्हणाली.

"तुमाले काई समजत नाई आत्याबाई. ताईले समजते." रक्षा रडत होती. धाकट्या सुनेनं सासूला असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. आनंदाबाईनं रक्षाचं डोकं उचलून धरलं आणि बाजूला सरकली. छाया मागं चढली. तिनं रक्षाचे पाय गोणपाटाच्या घडीवर जरा उंच ठेवले आणि तिचा हात हातात घेतला. आर्वी येईपर्यंत छाया मनात एकच म्हणत होती, अजून डाग नको, अजून डाग नको.

दवाखान्यात गर्दी होती. मॅडमनी आधी तपासलं, मग सोनोग्राफीच्या खोलीकडे पाठवलं. दारावरच्या बाईनं विचारलं, "सोबत एकच जण. कोण येणार?"

अंकित नुकताच पोचला होता, हातात हेल्मेट. आनंदाबाई पुढे झाली.

"ताई येईन," रक्षा म्हणाली.

आत अंधार होता आणि थंडी. रक्षाच्या पोटावर चिकट औषध लावलं. मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. छायाला फक्त करडे डाग दिसत होते, हलणारे, काही कळत नव्हतं. मॅडमनी यंत्र जरा तिरकं केलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"इकडे बघा," त्या म्हणाल्या. "हे. दिसतंय?"

काळ्या पोकळीत वालाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. भराभर, न थांबता.

"ठोके चांगले आहेत. डाग पडतो कधीकधी. गोळ्यांमुळे पडला की नाही, ते मी सांगू शकत नाही, आणि पुढचंही वचन देत नाही. विश्रांती घ्यायची, औषध देते ते घ्यायचं, आणि पंधरा दिवसांनी परत यायचं." मग रक्षाकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि बाळा, दिवस गेले की आशाताईला आधी सांगायचं. देवाच्याही आधी."

रक्षा हुंदके देत होती. छायाला रडू येत नव्हतं.

ती बाहेर आली. आनंदाबाई बाकावरून उठून उभी राहिली. अंकितही.

"आहे," छाया म्हणाली. "ठोके आहेत. चांगले आहेत म्हने."

आनंदाबाई होती तिथेच फरशीवर बसली. अंकितनं तोंड भिंतीकडे केलं. मग म्हातारी म्हणाली, "हेमराज बोलला ते मी आयकलं होतं काल सकाळी. पोटुशीले नाई म्हनून. मले वाटलं, दोन गोळ्यांनं का होते. चार मानसाईपुढं हाव म्हनन तं नजर लागन." ती थांबली. "तुह्या नजरेचं भेव होतं मले. गोळीचं नव्हतं."

छाया तिच्याजवळ खाली बसली. तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. ते पुढे कधीतरी म्हणेल किंवा म्हणणार नाही.

"माह्या नजरेनं पोर जात असतं तं गावात येकबी नसतं आत्याबाई," ती एवढंच म्हणाली. "उठा. फरशी गार आहे."

*

नोकरी गेली नाही. मॅडमनी तिला आणि हेमराजला समोर उभं करून खूप सुनावलं. अंगणात, पुरुषांसमोर असलं विचारतात का, असं विचारलं. रक्षा घरी झोपून होती. डाग पुन्हा दिसला नव्हता, पण छाया दर सकाळी विचारायची आणि उत्तर येईपर्यंत तिचे कान गरम व्हायचे. चंदन दोन-तीनदा काही बोलायला जवळ आला. ती कामाला लागायची. तो परत जायचा.

डोंगरापलीकडची वस्ती राहिली होती. दहा-पंधरा घरं, पायवाटेशिवाय रस्ता नाही. हेमराजनं फोन करून सांगितलं की, तिथे पाय सुजलेली दोन माणसं आहेत, म्हणजे गोळ्या पोचायलाच हव्यात. पण धामणझरीची बातमी वस्तीवर तिच्या आधी पोचली होती. छायानं गोळ्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि दारात थांबली. तिला जावंसं वाटत नव्हतं. त्या पिशवीतली गोळी पुन्हा कोणाच्या तळहातावर ठेवायच्या विचारानं तिला घाम फुटला होता.

"थांब, मी येतो," आनंदाबाई चप्पल शोधत म्हणाली.

"चढन आहे आत्याबाई. तुमचे गुडघे..."

"येतो म्हटलं न."

दोघी थांबतथांबत चढल्या. वस्तीवर पहिल्याच घरासमोर पुरुष गोळा झाले. घरमालक किसनराव दार अडवून उभा राहिला. "आमाले नाई पायजे बाई. तुमच्या घरी का झालं ते आयकलं आमी."

आनंदाबाई ओट्यावर टेकली, गुडघा चोळत म्हणाली, "आयकलं ते खरं आहे. माह्याच सुनंले झालं. गोळीनं नाई झालं, मी गप बसली म्हनून झालं. पोर ठीक आहे. आता मले पानी दे, अन् तुह्या सुनंले आत बसव. हे छाया तिच्याशी बोलीन."

किसनराव तिच्याकडे पाहत राहिला. मग दारातून जरा सरकला.

आत चुलीपाशी अंजू नावाची कोवळी पोर बसली होती, डोक्यावरून पदर ओढून. छाया तिच्याशेजारी टेकली. तिनं पिशवी उघडली नाही. दारात दोघं-तिघं डोकावत होते.

"तिकडं व्हा रे," बाहेरून आनंदाबाईचा आवाज आला. "बायाईचं बोलनं चालू आहे. विहिरीवर जाऊन बसा."

चपलांचा आवाज दूर गेला. छायानं अंजूच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं. पाळी केव्हा आली होती, तारीख आठवते का, घरात कोणी काही सांगायला मनाई केली आहे का. अंजू आधी लाजली, मग बोटं मोजली, मग दाराकडे पाहून हसली. परवाच पाळी सरून न्हायली होती ती. छायानं पुन्हा विचारलं. अंजूनं पुन्हा तेच सांगितलं.

मग छायानं गोळ्या काढल्या. तिच्या हाताला कंप होता आणि तो तिला लपवता येत नव्हता.

अंजूनं गोळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, खायच्या मले आहेत. तुमीच काऊन घाबरून राह्यल्या?"

"खाय," छाया म्हणाली. "मी इथीच बसतो थोडा वेळ."